राजद्रोह म्हणजे देशद्रोह नव्हे : ‘सेडिशन’ या शब्दाची जन्मकुंडली

१/
दरवर्षी २३ जुलै आणि १ ऑगस्ट या दोन दिवशी समाजमाध्यमांवर लोकमान्य टिळकांची छायाचित्रे झळकतात आणि त्यांच्याखाली एक वाक्य हटकून वाचायला मिळते : ‘इंग्रजांनी टिळकांवर देशद्रोहाचा खटला चालवला.’ लिहिणाऱ्याच्या मनात आदरच असतो, याविषयी शंका नाही. पण वाक्य चुकीचे आहे, आणि ही चूक ऱ्हस्व-दीर्घाच्या जातीची नाही.

२/
टिळकांवर देशद्रोहाचा आरोप इंग्रज सरकारनेही ठेवला नव्हता. आरोप होता ‘सेडिशन’चा, मराठीने त्याला ‘राजद्रोह’ म्हटले. राज्यकर्ता आणि देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगण्यातच टिळकांचे अर्धे आयुष्य गेले. तो भेद आपणच पुसून टाकणार असू, तर छायाचित्राला हार घालून काय साधले?

३/
या धाग्यात ‘सेडिशन’ या शब्दाचा रोमपासून आपल्या भारतीय न्याय संहितेपर्यंतचा प्रवास मांडायचा आहे. प्रतिपादन आरंभीच सांगून टाकणे बरे : हा शब्द मुळात एका कृत्याचे नाव होता. सत्तेने तो हळूहळू एका भावनेचे नाव बनवला. आणि आज आपण त्या भावनेला देशाविरुद्धचे पाप ठरवू लागलो आहोत. तिन्ही पायऱ्या क्रमाने पाहू.

४/
पहिली पायरी रोमची. लॅटिन ‘सेदितिओ’ या शब्दाचे दोन अवयव आहेत : ‘वेगळे’ आणि ‘जाणे’. नागरिकांतील काही जण एका बाजूला, काही दुसऱ्या बाजूला निघून जातात, म्हणून या दुहीला हे नाव, अशी फोड खुद्द सिसरोने केली आहे. म्हणजे मूळ अर्थ दुफळी, दंगा, रस्त्यावरचा उठाव. डोळ्यांना दिसणारी, कानांना ऐकू येणारी घटना.

५/
इंग्रजीतही शब्द आला तो याच अर्थाने. बायबलच्या १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात, येशूऐवजी ज्याची सुटका होते तो बरब्बा शहरात झालेल्या ‘सेडिशन’बद्दल आणि खुनाबद्दल तुरुंगात असतो. तेथे अर्थ स्पष्ट आहे : बंडाळी. बरब्बाने कोणावर टीकालेख लिहिला नव्हता.

६/
आता या शब्दाचा थोरला भाऊ पाहू, कारण सगळा गोंधळ या दोघांच्या चेहऱ्यांतील साम्यामुळे होतो. तो शब्द म्हणजे ‘ट्रीझन’. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘हवाली करणे’ या क्रियापदात आहे. आपल्याकडे त्याला नेमका शब्द शतकानुशतके वापरात होता : फितुरी. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून तो शत्रूच्या हवाली करणारा, तो फितूर.

७/
इंग्लंडमध्ये तिसऱ्या एडवर्डच्या काळात, १३५१ साली, ट्रीझनची व्याख्या कायद्याने बांधली गेली. राजाच्या मृत्यूचा बेत करणे, राजाविरुद्ध राज्यात युद्ध मांडणे, राजाच्या शत्रूंना मिळून त्यांना साहाय्य करणे, ही तिची मुख्य अंगे. शिक्षा देहान्ताची. शिक्षा भयंकर असल्यामुळेच व्याख्या आवळून ठेवली होती. राजाबद्दल वाईट बोलणे हे त्या यादीत सहजासहजी बसत नव्हते.

८/
मग छापखाना आला आणि राजसत्तेपुढे नवाच पेच उभा राहिला. पत्रक काढणारा मनुष्य युद्ध मांडत नाही, शत्रूला मिळत नाही. तो फक्त लिहितो. त्याला धरायचे कशात? येथे ‘सेडिशन’ हा शब्द कामी आला. दंग्याचे नाव लेखाला चिकटवण्यात आले. दंगा झाला नसला तरी चालेल, लेखातून तो पुढे होऊ शकेल एवढे पुरे.

९/
हे काम ‘स्टार चेंबर’ या न्यायालयाने केले. तेथे ज्यूरी नसे. १६०५ साली कँटरबरीचे दिवंगत आर्चबिशप व्हिटगिफ्ट यांच्यावरील उपहासात्मक पद्याच्या प्रकरणात या न्यायालयाने दोन सूत्रे घालून दिली. एक : अधिकाऱ्याची निंदा ही सामान्य माणसाच्या निंदेहून मोठा गुन्हा, कारण तीत शासनाची बदनामी होते. दोन : लिहिलेले खरे की खोटे, हा प्रश्न गैरलागू.

१०/
दुसऱ्या सूत्रापाशी क्षणभर थांबू. चोरीच्या खटल्यात ‘चोरी केलीच नाही’ हा बचाव असतो. येथे ‘मी लिहिले ते सत्य आहे’ हा बचावच नाही. गुन्हा असत्याचा नव्हता, तर वाचणाऱ्याच्या मनातील आदर कमी होण्याचा होता. आदर तर खऱ्या आरोपाने अधिकच कमी होतो.

११/
स्टार चेंबर १६४१ साली मोडीत निघाले, पण त्याचे सूत्र साध्या न्यायालयांनी दत्तक घेतले. १६९५ साली मुद्रणपरवान्याचा कायदा संपला. आधी परवानगी घेण्याची सक्ती गेली, मागाहून शिक्षा करण्याची सोय मात्र राहिली. १७०४ साली जॉन टचिन या पत्रकाराच्या खटल्यात मुख्य न्यायाधीश होल्ट यांनी तत्त्वच सांगून टाकले : प्रजेचे शासनाविषयी चांगले मत असणे प्रत्येक शासनाला अत्यावश्यक आहे. ते मत बिघडवणारा सुटला, तर शासन टिकायचे कसे?

१२/
ही दुसरी पायरी. ‘सेडिशन’ आता रस्त्यावर घडत नव्हते, वाचकाच्या मनात घडत होते. आणि मनात काय घडले हे ठरवणार कोण? १७९२ पर्यंत इंग्रज न्यायाधीशांचा आग्रह होता की मजकूर छापला की नाही एवढेच ज्यूरीने सांगावे, तो ‘सेडिशस’ आहे की नाही हे आम्ही ठरवू. फॉक्स यांच्या १७९२ च्या कायद्याने तो निर्णय ज्यूरीकडे आला. त्याच वर्षाअखेर टॉमस पेन यांना ‘राइट्स ऑफ मॅन’साठी त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरवण्यात आले. त्यांना दोषी ठरवणारी ज्यूरीच होती.

१३/
एक गोष्ट मात्र इंग्लंडने कधी सोडली नाही : दोन भावांतील अंतर. ट्रीझनला मृत्युदंड, सेडिशन हा तेथील वर्गवारीत कनिष्ठ गुन्हा, त्याला दंड, कैद, कधी भरचौकात खोड्यात उभे करणे. राजाचा शत्रू आणि राजाचा टीकाकार यांना त्यांच्या कायद्याने एका मापाने मोजले नाही. हे लक्षात ठेवा, कारण जहाज आता मुंबईच्या बंदराला लागते आहे.

१४/
मेकॉले यांच्या १८३७ च्या मसुद्यात सेडिशनसदृश कलम होते. १८६० साली दंड संहिता मंजूर झाली तेव्हा ते तीत नव्हते. १८७० साली व्हाइसरॉयच्या मंडळातील विधिसदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी ‘ते चुकून राहिले’ असे सांगत कलम १२४-अ आणले. त्या वेळी सरकारला विशेष धास्ती वहाबी चळवळीची होती. शिक्षा? थेट जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत. मायदेशातील कनिष्ठ गुन्हा समुद्र ओलांडताच जन्मठेपेचा झाला.

१५/
गंमत म्हणजे कलमाच्या मजकुरात ‘सेडिशन’ हा शब्दच नव्हता. गुन्हा होता, कायद्याने प्रस्थापित सरकारविषयी ‘डिसअफेक्शन’ चेतवणे. मराठीत अगदी शब्दाला शब्द ठेवला तर : अप्रीती. शिक्षापात्र गोष्ट म्हणून प्रीतीच्या अभावाची नोंद करणारे हे कलम. खून, दरोडा, बनावट नाणी यांच्या शेजारी अप्रीती.

१६/
पहिला गाजलेला खटला १८९१ चा, कलकत्त्याच्या ‘बंगबासी’ पत्रावरचा. संमतिवयाच्या कायद्यावर त्याने कडाडून टीका केली होती. मुख्य न्यायाधीश पेथेरम यांनी ज्यूरीला सांगितले की डिसअफेक्शन म्हणजे प्रीतीच्या विरुद्ध भावना, म्हणजे नावड किंवा द्वेष. ज्यूरीचे एकमत झाले नाही, पुढे पत्राने माफी मागितली आणि प्रकरण मिटले. व्याख्या मात्र शिल्लक राहिली, पुण्याच्या वाटेवर.

१७/
१८९७. पुण्यात प्लेग, घरझडत्या, शिवजयंतीचा उत्सव. १५ जूनच्या ‘केसरी’त उत्सवाचा वृत्तान्त आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आली. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. जुलैअखेर टिळकांना अटक झाली. जामीन मिळवून देण्यासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर दिनशा दावर, आणि जामीन देणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. यांतील पहिले नाव लक्षात असू द्या.

१८/
न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला जो अर्थ समजावला, तो आपल्या कायद्याच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे : डिसअफेक्शन म्हणजे सरकारविषयी प्रीती नसणे. द्वेष, वैर, नावड, तिरस्कार, कोणत्याही प्रकारची दुर्भावना त्यात आली. दंगा झाला की नाही, हा प्रश्नच नाही. सहा युरोपीय ज्यूरर विरुद्ध तीन भारतीय, अशी मते पडली. दीड वर्षाची सक्तमजुरी. प्रिव्ही कौन्सिलपुढे टिळकांच्या बाजूने उभे राहिलेले वकील अ‍ॅस्क्विथ पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले. पण अपील नाकारलेच गेले.

१९/
याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालाकडे टिळकभक्तांचे लक्ष सहसा जात नाही. सातारा जिल्ह्यातील इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ या पत्रावरचा खटला मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे आला. पीठावर होते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. त्यांनी नोंदवले की डिसअफेक्शन म्हणजे केवळ प्रेमाचा अभाव नव्हे. ती अधिकार झुगारण्याकडे झुकणारी, क्रियाशील अशी विमुखता असली पाहिजे.

२०/
न्यायालयाने ‘प्रतोद’चा दोष कायम ठेवला, शिक्षा कमी केली. निकाल क्रांतिकारक नव्हता. तरी टिळकांचे राजकीय प्रतिस्पर्धी म्हणून ज्यांची आपण शाळेपासून मांडणी करतो, ते रानडे प्रेमाचा अभाव हा गुन्हा मानायला तयार नव्हते, हे नोंदण्याजोगे आहे. ‘जहाल विरुद्ध मवाळ’ या आपल्या लाडक्या तक्त्यात ही गोष्ट बसत नाही, म्हणून ती आपण सांगतच नाही.

२१/
सरकारने वादाचा निकाल आपल्या बाजूने लावून घेतला. १८९८ च्या दुरुस्तीने ‘द्वेष किंवा तुच्छता’ हे शब्द कलमात घातले गेले, ‘डिसअफेक्शन’मध्ये निष्ठाहीनता आणि वैराच्या सर्व भावना येतात असे स्पष्टीकरण जोडले गेले, आणि शीर्षकाच्या जागी ‘सेडिशन’ हा शब्द बसवला गेला. मजकुरात नव्हे, समासातल्या टिपेत. इंग्लंडमधील जुने नाव, भारतातील नवा अर्थ.

२२/
१९०८ चा खटला. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर ‘केसरी’त आलेले ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे) आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून) हे अग्रलेख. जामीन मागणारे बॅरिस्टर महंमद अली जिना. जामीन नाकारणारे न्यायमूर्ती दावर. होय, तेच दावर. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. मराठी लेख त्यांच्यापुढे ठेवले गेले ते इंग्रजी भाषांतरातून, आणि टिळकांच्या बचावाचा मोठा भाग त्या भाषांतरातील शब्द चुकीचे कसे, हे दाखवण्यात गेला.

२३/
येथे आणखी एक गैरसमज दूर करू. टिळकांनी ‘होय, मी राजद्रोही आहे’ अशी गर्जना न्यायालयात केली नाही. त्यांनी दोष नाकारला, स्वतः बचाव केला, कित्येक दिवस बोलले. वृत्तपत्राला शासनपद्धतीवर टीका करण्याचा हक्क आहे आणि तो तुमच्याच इंग्लंडच्या कायद्यात मान्य आहे, हा त्यांचा युक्तिवाद. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी दोषी; सहा वर्षे हद्दपारी. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस संप केला.

२४/
टिळकांचा सर्वांत सूक्ष्म युक्तिवाद मात्र १९१६ चा आहे. बेळगाव आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील स्वराज्याच्या भाषणांत त्यांनी सरकारचे दोन भाग केले : अदृश्य सरकार आणि दृश्य सरकार. पहिले निर्गुण ब्रह्मासारखे, अविकारी. दुसरे म्हणजे रोज भेटणारी नोकरशाही; ती बदलता येते, बदलावी लागते. दुसऱ्याविरुद्ध बोललो म्हणजे पहिल्याविरुद्ध बोललो असे होत नाही.

२५/
या भाषणांसाठी त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. जिनांनी बाजू मांडली आणि या वेळी मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी, तो आदेश रद्द केला. बोलणे राजद्रोहाच्या कक्षेत जात नाही, असे ठरले. म्हणजे सरकार आणि राज्य यांतील भेद १९१६ साली वसाहतीच्या न्यायालयातसुद्धा टिकू शकत होता. आपल्या वादविवादांत तो टिकत नाही.

२६/
सहा वर्षांनी, १८ मार्च १९२२ रोजी, अहमदाबादेत गांधीजी याच कलमाखाली उभे राहिले. त्यांनी उलटा मार्ग घेतला : गुन्हा कबूल केला. प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही की कायद्याने तिचे नियमन करता येत नाही, एवढे सांगून त्यांनी स्ट्रॅचींच्या व्याख्येतली हवाच काढून घेतली. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचे माप समोर ठेवून सहाच वर्षे दिली.

२७/
पण या कलमावरचा सर्वांत घातक घाव टिळकांचा नाही, गांधीजींचाही नाही. तो १२४-अ आणणाऱ्या स्टीफन यांचाच आहे. १८८३ साली इंग्लंडच्या फौजदारी कायद्याचा इतिहास लिहिताना त्यांनी मांडले : राज्यकर्त्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. तो प्रजेचा वरिष्ठ मानला, तर त्याच्यावर उघड दोषारोप करणे चूकच. तो प्रजेचा सेवक मानला, तर सेवकाचे दोष दाखवणाऱ्या मालकाला शिक्षा कशी करणार? ही दुसरी दृष्टी पूर्णपणे स्वीकारणाऱ्यांच्या लेखी सेडिशन नावाचा गुन्हा असूच शकत नाही.

२८/
पुन्हा वाचा. कलमाचा कर्ता सांगतो आहे की लोकशाहीत या गुन्ह्याला जागा नाही; असेल ती प्रत्यक्ष शांतताभंगाला. भारतात तो स्वतः पहिल्या दृष्टीचा कायदा करून गेला होता, कारण येथे राज्यकर्ता सेवक नव्हताच. तेव्हा प्रश्न ‘कलम इंग्रजांचे म्हणून वाईट’ इतका बाळबोध नाही. प्रश्न असा आहे की आपण आज स्टीफन यांच्या कोणत्या दृष्टीत उभे आहोत.

२९/
संविधान सभेने उत्तर दिले होते. भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या मसुद्यात ‘सेडिशन’ हा शब्द होता. डिसेंबर १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांनी तो काढण्याची सूचना मांडली आणि तो काढला गेला. आमच्या संविधानात तुम्हाला हा शब्द सापडणार नाही. तो विसरून राहिलेला नाही, विचारपूर्वक वगळलेला आहे.

३०/
पण दंड संहितेत तो राहिला. १९५१ साली पंतप्रधान नेहरूंनी संसदेत या कलमाबद्दल तीव्र नापसंती बोलून दाखवली. रद्द मात्र केले नाही. १९६२ साली केदारनाथ सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, पण हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच, या अटीवर. म्हणजे न्यायालयाने शब्दाला पुन्हा रोमच्या अर्थाकडे, कृत्याकडे, खेचले. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने मात्र १९७४ पासून हा गुन्हा दखलपात्र केला; इंग्रजांच्या काळात पोलिसांना वॉरंटाशिवाय जी अटक करता येत नव्हती, ती आता करता येऊ लागली. हे कोणत्या एका पक्षाचे पाप नाही. सर्वांनी हे हत्यार घरात सांभाळून ठेवले.

३१/
आणि महाराष्ट्राची आठवण. २०१२ साली मुंबईत एका व्यंगचित्रकाराला या कलमाखाली अटक झाली. पुढे तो आरोप मागे घेण्यात आला. उच्च न्यायालयातील त्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०१५ मध्ये राज्य शासनाने पोलिसांसाठी परिपत्रक काढले. त्याच्या मराठी मजकुरातून लोकप्रतिनिधींवरील टीकाही राजद्रोह ठरू शकते असा अर्थ निघतो, म्हणून वादळ उठले. प्रकरण न्यायालयात गेले आणि ऑक्टोबरमध्ये परिपत्रक मागे घ्यावे लागले. १९०८ साली टिळक भाषांतराच्या शब्दांवर तासन्‌तास का बोलले, हे ज्याला कळत नसेल त्याने हे परिपत्रक आठवावे.

३२/
इंग्लंडने स्वतः २००९ च्या कायद्याने सेडिशन हा गुन्हा रद्द केला. ट्रीझन तेथे आजही आहे. थोरला भाऊ ठेवला, धाकट्याला निरोप दिला. कारण दोघे वेगळे आहेत हे त्यांना कधी सांगावे लागले नव्हते. आपल्याकडे ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ स्थगितीसमान अवस्थेत ठेवले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, आणि ‘सेडिशन’ शब्द कायद्यातून गेला.

३३/
शब्द गेला म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी नवे कलम १५२ वाचावे. सशस्त्र बंड आणि फुटीरता यांच्यासोबत तेथे ‘विध्वंसक कारवाया’ आणि फुटीरतेच्या ‘भावनांना’ प्रोत्साहन देणेही आहे. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. त्यातील सशस्त्र बंडाबद्दल कोणाचे दुमत असणार? पण ‘भावना’ हा शब्द पाहिला की स्ट्रॅची आठवतात. आणि हा बदल ‘राजद्रोह गेला, देशद्रोह आला’ अशा शब्दांत लोकांपुढे मांडला गेला. ही तिसरी पायरी.

३४/
तिसरी पायरी सर्वांत निसरडी का? ‘राजद्रोह’ या शब्दात निदान प्रामाणिकपणा होता. द्रोह कोणाचा? राजाचा. ऐकणारा विचारू शकत होता : राजा कोण, आणि त्याच्याशी निष्ठा का ठेवावी? राजद्रोही म्हणवून घेण्यात एक पिढी भूषण मानू शकली ती यामुळेच. ‘देशद्रोह’ म्हटले की प्रश्नच संपतो. देशाचा द्रोही म्हणवून घेण्यात भूषण मानणारा कोण असेल? शब्द बदलला आणि आरोपीच्या तोंडचा बचाव काढून घेतला गेला.

३५/
आता अपेक्षित आक्षेप. पहिला : ‘मग देश तोडणाऱ्यांना मोकळे सोडायचे?’ मुळीच नाही. राज्याविरुद्ध युद्ध पुकारणे, त्यासाठी कट करणे, समाजगटांत वैर पसरवणे, यांसाठी जुन्या संहितेत स्वतंत्र कलमे होती आणि नव्यातही आहेत. फितुरीला शिक्षा हवीच. वाद फितुरीचा नाही. शत्रूला दरवाजा उघडणारा आणि दरवाजा कुजला आहे असे ओरडून सांगणारा, या दोघांना एकाच नावाने हाक मारण्याचा आहे.

३६/
दुसरा आक्षेप : ‘बोलीभाषेत चालते, एवढा कीस कशाला?’ कारण न्यायालयाचा निकाल यायला वर्षे लागतात आणि चौकातला निकाल त्याच संध्याकाळी लागतो. तो चौक कायद्याचे पुस्तक उघडत नाही, शब्द ऐकतो. आरोप पुढे टिकला नाही, तरी ‘देशद्रोही’ हे विशेषण मागे घेणारी कोणतीही यंत्रणा नाही.

३७/
तिसरा, आणि हा माझ्याच वर्गातील मित्रमैत्रिणींचा : ‘शब्दांच्या व्युत्पत्तीने वर्तमान बदलत नाही.’ खरे आहे. व्युत्पत्ती पुरावा नसते. सेदितिओचा अर्थ दुही होता म्हणून आजचा कायदा तसाच असावा, असा दावा मी करत नाही. पण अर्थ कोणी, केव्हा आणि कोणाच्या सोयीसाठी बदलला, याला नाव, गाव आणि तारीख आहे. ते शोधणे हाच आपला व्यवसाय. तो आपण नाही केला, तर कोणी तरी आपल्यासाठी अर्थ ठरवून देईल आणि आपण तो जयंतीच्या दिवशी अग्रेषित करू.

३८/
म्हणून एक साधी विनंती. येत्या २३ जुलैला टिळकांवर लिहाल तेव्हा ‘राजद्रोहाचा खटला’ असे लिहा. कोणी दुसरे लिहिले असेल, तर टोमणा न मारता दुरुस्ती सुचवा. आणि आजच्या कोणत्याही माणसाबद्दल ‘देशद्रोही’ हा शब्द बोटांवर आला, तर पाठवण्यापूर्वी एवढे विचारा : याने किल्ल्याचा दरवाजा उघडला आहे, की किल्लेदाराबद्दलची आपली प्रीती कमी केली आहे?

३९/
दुसरे असेल, तर तो आरोप टिळकांवरही होता. त्या खटल्यात दोन विरुद्ध सात अशी मते पडली होती. आपण त्या नऊ जणांत कोणाच्या शेजारी बसलो असतो, हे ज्याने त्याने स्वतःशी ठरवावे.

(धागा समाप्त. तथ्यांत चूक आढळल्यास अवश्य कळवा. प्रीतीचा अभाव मानणार नाही.)